टेस्टरआप्पा

साप चावला की कुठं जायचं, हे आमच्या मुखेड तालुक्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. डॉ. दिलीप पुंडे यांचा दवाखाना. जांब असो, बाऱ्हाळी असो, मुक्रमाबाद असो. माणूस जीपमध्ये घालायचा आणि मुखेड गाठायचं. त्यात कुणी सल्लामसलत करीत बसत नाही. पण घरातली लाईट डीम-फुल व्हायला लागली की मात्र शहाणासुरता माणूसही गोंधळतो. बल्ब गेला, की होल्डर, की मीटर, की डीपी, की एकूण सरकारच? बोलवायचं कुणाला? हा प्रश्न पुरता मनात यायच्या आत दाराची कडी वाजते आणि बाहेरून आवाज येतो, "हायत का ओ घरात? लाईट मिचमिच करूलालीय तुमची. रोडवरून दिसली मला."

हे टेस्टरआप्पा. बसस्टँडपासून वीरभद्राच्या देवळापर्यंत जेवढ्या गल्ल्या, तेवढे टेस्टरआप्पा. कुठं त्यांना मामा म्हणतात, कुठं गुरुजी, कुठं नुसतं 'लाईटवाले दाजी'. मी सांगतोय ते कुणा एकाचं वर्णन नाही. चार गल्ल्यांतले चार आप्पा एका खुर्चीवर बसवले आहेत. तेव्हा 'हे माझ्यावरच लिहिलं' म्हणत कुणी टेस्टर उपसून माझ्या दारात येऊ नये.

आप्पांचं वय पासष्टीच्या पुढं. अंगात पांढरा नेहरू शर्ट, खिशाला दोन क्लिपा. एक पेनाची, एक टेस्टरची. पेन लिहीत नाही. टेस्टर मात्र पिवळ्या मुठीचा, टोकाला उलसक वाकलेला, मधोमध काळी टेप गुंडाळलेला आणि चोवीस तास ड्युटीवर. या टेस्टरनं आजवर स्क्रू पिळले, रंगाच्या डब्यांची झाकणं उचकटली, पोरांच्या सायकलींच्या चेनी बसवल्या आणि मधून मधून लाईटही तपासली. लग्नाला जाताना आप्पा शर्ट बदलतात आणि टेस्टर नव्या शर्टाला लावतात. मयतीला जातानाही. "आप्पा, तिथं काय काम ओ टेस्टरचं?" असं कुणी विचारलं तर म्हणतात, "मांडवात माणसं असतेत, लायटिंग असते. येळ काय सांगून येती का?" मयतीला मांडव नसतो, हे त्यांना सांगायची कुणाची छाती होत नाही.

नोकरी त्यांनी केली ती एका शाळेत, प्रयोगशाळा परिचराची. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी व्होल्टमीटर, अमीटर आणि लेक्लांशे घट कपाटातून काढून टेबलावर ठेवण्यात आणि टेबलावरून उचलून कपाटात ठेवण्यात घालवली. मधल्या तासात सर काय बोलतात ते कानावर पडायचं. त्यातलं निम्मं ध्यानात राहिलं, आणि आप्पांचा पुढचा सगळा कारभार त्या निम्म्यावर चालला आहे. ओहमचा नियम त्यांना येतो. कशाला कशानं भागायचं एवढंच पक्कं नाही.

कीर्ती झाली ती मात्र टीव्हीमुळं. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. गल्लीत टीव्ही एक आणि प्रेक्षक अख्खी गल्ली. रविवारी सकाळी व्होल्टेज खाली बसलं की पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं आणि कडेला उभे असलेले वानर दिसेनासे व्हायचे. अशा वेळी आप्पा उठत, टीव्हीशेजारच्या स्टॅबिलायझरचं बटण एक घर पुढं सरकवत, काटा वर चढे आणि वानरसेना परत कामावर रुजू होई. म्हाताऱ्या बायका टीव्हीला हात जोडायच्या, त्यातल्या काहींचे हात अंमळ आप्पांकडं वळायचे. माणसाला एवढं पुरे असतं.

नंतरचा ट्यूबलाईटचा काळ म्हणजे त्यांची ऐन भरभराट. ट्यूब फडफड करीत राहिली की आप्पा स्टुलावर चढणार, स्टार्टर पाव फेरा फिरवणार, ट्यूबच्या दोन्ही टोकांना हलकेच पीळ देणार, आणि ट्यूब लागणार. खरं म्हणजे त्यात जादू काही नव्हती. पिनांवर गंज चढलेला असायचा, पीळ दिला की तो घासला जाऊन टेकण नीट बसायचं. टोकं काळी पडलेली असली तर मात्र ट्यूबच संपलेली असायची आणि आप्पांचा हातगुण चालायचा नाही. तेव्हा दोष चोकवर जायचा. चोक बिचारा जड, मुका आणि पत्र्याच्या पट्टीत झाकलेला. त्यानं कधी प्रतिवाद केला नाही.

आप्पांचं घरात शिरणं हा एक विधीच आहे. आमच्याकडं पाहुणा कितीही मोठा असो, चप्पल वसरीतच काढतो. आप्पा काढत नाहीत. "करंटाचं काम हाय. पायात रबर पायजे." देवघरासमोरून स्वयंपाकघरापर्यंत चप्पल घालून जाणारा मुखेडातला हा एकच माणूस. घरातल्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून बघत राहतात. मग आप्पा खुर्ची ओढून बसतात, चहाचं आधण चढल्याचा आवाज कानावर पडेपर्यंत वर बघतच नाहीत, आणि मग एखाद्या जुन्या वैद्यानं नाडी धरावी तशी चौकशी सुरू करतात.

"कवापासून होऊलालंय?"

"चार दिस झाले."

"एकच बल्ब, का समदं घर?"

"आधी ह्या खोलीतला एकच..."

"शेजाऱ्याची बी होऊलाली का तुमचीच?"

"शेजाऱ्याला इचारलं न्हाई..."

"फ्रिज चालू झाल्यावर होती, मोटर लावल्यावर होती, का आपली आपण?"

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे प्रश्न अव्वल आहेत. तारतंत्रीचा परवाना असलेला माणूसही हेच विचारील. एकच बल्ब मिचकत असेल तर तो बल्ब दुसऱ्या होल्डरला लावून बघायचा. तिथंही मिचकला तर बल्ब गेला, नाही मिचकला तर होल्डर किंवा स्विच. एकाच खोलीतले सगळे दिवे हलत असतील तर त्या खोलीच्या बोर्डातला सांधा ढिला. सगळं घर हलत असेल तर मेन स्विच, फ्यूज, मीटरची जोडणी, नाहीतर खांबावरून येणारी सर्व्हिस वायर. अख्खी गल्ली हलत असेल तर घरात हात घालायचंच कारण नाही, दुखणं बाहेर आहे. फ्रिज किंवा बोअरची मोटर सुरू होताना क्षणभर दिवा मंद झाला तर त्यात घाबरण्यासारखं फारसं नाही. मोटर चालू होते त्या घडीला नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि तेवढ्यापुरतं व्होल्टेज बसतं. सगळा निकाल त्या चार प्रश्नांत आहे. आप्पांची अडचण एकच, की ते प्रश्न विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत. चौथा प्रश्न तोंडातून बाहेर पडतो तोवर टेस्टर खिशातून बाहेर आलेला असतो.

आता टेस्टर म्हणजे काय? आत निऑनचा एक चिमुकला दिवा आणि एक भलामोठा रोध. टोक फेजला लावलं, मागच्या टोपणावर बोट ठेवलं, की नगण्य असा करंट आपल्या अंगातून जमिनीत जातो आणि दिवा लागतो. लागला म्हणजे इथं फेज आहे, एवढंच तो सांगतो. व्होल्टेज किती, सांधा घट्ट की ढिला, न्यूट्रल जागेवर आहे की नाही, यातलं त्याला काही कळत नाही. पण आप्पा त्याच्या उजेडावरून व्होल्टेज सांगतात. पायात रबरी चप्पल, चप्पल प्लॅस्टिकच्या स्टुलावर, आणि वर टेस्टर. साहजिकच दिवा मरतुकडा लागतो. "बगा, होल्टेजच न्हाई. दीडशे बी नसंल." पुढच्या घरी मोरीतल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले (चप्पल नुकतीच तुटली होती), तर तोच टेस्टर लखलखला. "अडीचशेच्या वर गेलंय. टीव्ही बंद करा, टीव्ही!" दोन्ही घरं एकाच खांबावर, एकाच फेजवर. एक बाई त्या दिवशी स्टॅबिलायझर आणायला निघाली होती आणि दुसरीनं फ्रिजचा प्लग काढून दुधाचं पातेलं पाण्यात ठेवलं होतं.

निदान मात्र घरात कधीच सापडत नाही. आप्पांच्या मते लाईट मिचकण्याची कारणं फार दूर असतात. पहिलं कारण परळी. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र खरोखरच बंद ठेवावं लागलं होतं. ही बातमी आप्पांच्या मनात अशी रुतून बसली, की आज तुमच्या न्हाणीघरातला बल्ब फडफडला तरी ते म्हणतात, "परळीत पाणी कमी पडूलालंय." दुसरं कारण रायचूर. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली, दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाला जोडलं गेलं आणि सगळा देश एका तालावर आला. आप्पांना हे पसंत नाही. "आपली लाईट आपल्याला पुरंना, आन् त्यात त्यांना जोडून घेतलं. तिकडं मद्रासला कुणी गिझर लावला की आपली ट्यूब मिचकती." मद्रासच्या उकाड्यात गिझर लावणारा तो कोण, हे विचारायचं सुचतं तोवर आप्पा तिसऱ्या कारणावर आलेले असतात. तिसरं कारण म्हणजे शेजारी. पण ते मोठ्यानं सांगत नाहीत. भुवई उडवून भिंतीकडं खूण करतात. त्या खुणेचा अर्थ आकडा असू शकतो, नवी पाच एचपीची मोटर असू शकते, किंवा पोराच्या लग्नात त्या घरून आप्पांना जेवणाचा निरोप आला नव्हता, हेही असू शकतं.

आणि दोष निघतो कुठं? हाताच्या अंतरावर. फ्यूजच्या किटकॅटमध्ये काळा पडलेला स्क्रू. होल्डरमध्ये चेपून गेलेली पितळी पत्ती. स्विचच्या आत जमलेला काजळीचा थर. तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार एकमेकींना नुसती पिळून वर टेप मारलेला सांधा, जो दर उन्हाळ्याला थोडा सैल होतो आणि दर पावसाळ्याला थोडा गंजतो. ढिल्या सांध्यात ठिणगी उडते, ठिणगीनं तो तापतो, तापून आणखी ढिला होतो. लाईट मिचकते ती या ठिणगीनं. घराला आगही लागते ती पुष्कळदा हिच्यातूनच. पण ढिल्या स्क्रूवर गप्पा किती वेळ मारता येतील? चहा निवायच्या आत विषय संपतो. परळी, रायचूर आणि शेजारी मिळून अख्खी संध्याकाळ निघते. मला वाटतं, लोकांना आप्पा लागतात ते यासाठी. आपल्या घरात पिळायचा राहिलेला एक स्क्रू होता हे ऐकायला कुणाला आवडतं? देशाच्या ग्रीडमध्ये बिघाड झाला आणि त्याचा धक्का थेट आपल्या माजघरापर्यंत आला, हे ऐकायला जरा बरं वाटतं.

एलईडी आली आणि आप्पांची पंचाईत झाली. पिळायला स्टार्टर नाही, शिव्या द्यायला चोक नाही. २०१५ पासून उजाला योजनेतले स्वस्त बल्ब घरोघर आले, मग बाजारात नऊ वॉटवाल्यांचा पूर. एका घरी म्हातारीनं सांगितलं, की बटण बंद केल्यावरही रात्री बल्ब मंद जळतो आणि मधूनच डोळा मारतो. सून म्हणाली, भास. म्हातारी म्हणाली, करणी. आप्पांना पाचारण झालं. त्यांनी अंधारात बसून स्वतः पाहिलं आणि निर्णय दिला, "ही वायरीत उरलेली लाईट हाय. बटण बंद केलं तरी वायरीत थोडी राहातीच की. सकाळपोत्तर संपती."

म्हातारीला हे पटलं. नळ बंद केल्यावर थोडं पाणी ठिबकतंच, तिनं पाहिलेलं होतं. खरा प्रकार असा, की जुन्या वायरिंगमध्ये स्विच कधी कधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असतो. बटण बंद असलं तरी बल्बपर्यंत फेज पोचलेलाच असतो. किंवा स्विचमध्ये तांबडा इंडिकेटर असतो आणि त्यातून किंचित करंट झिरपतो. पिवळ्या बल्बला त्या झिरपण्याचं सुतक नव्हतं. एलईडीला मात्र तेवढंही पुरतं. आतला कपॅसिटर थोडा थोडा भरतो, भरला की क्षणभर उजेड, मग पुन्हा भरणं. स्विच न्यूट्रलवर असणं हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बटण बंद आहे म्हणून निर्धास्तपणे होल्डरला हात लावणाऱ्याला तिथं झटका बसतो.

हे सगळं मला सांगितलं ते आयटीआय झालेल्या पोरानं. आप्पांचं एकमेव दुःख म्हणजे हा पोरगा. वीजतंत्रीचा दाखला, पाठीला बॅग, बॅगेत डिजिटल मीटर, आणि आल्या आल्या पहिलं काम मेन स्विच पाडणं. चहा घेत नाही. चप्पल दारात काढतो आणि बॅगेतून रबरी सोलचे बूट काढून घालतो, यामुळं म्हाताऱ्यांचं मतही त्याच्या बाजूला झुकलं आहे. वर पैसे घेतो. आप्पा पैशाला शिवत नाहीत. चहा, सकाळची वेळ असली तर बशीभर चुरमुऱ्यांची सुशीला, आणि ऐकणारी माणसं, एवढ्यावर त्यांचं भागतं. पोरगा बोर्ड उघडतो, काळा स्क्रू दाखवतो, तार कापून नवी सोलतो, पिळतो, झाकतो. आप्पा मागं हात बांधून उभे. काम झाल्यावर म्हणतात, "म्यां तेच मनलो होतो."

"आप्पा, तुमी परळी मनला होता."

"परळीहून येतंय कशातून? तारंतून. तार कशात? स्क्रूत. मग?"

पोरगा यावर काही बोलत नाही. त्याचं लग्न जमायचं आहे, आणि मुलीकडचे चौकशीला येतात ते आप्पांच्याच वट्ट्यावर.

पण आप्पांची खरी कसोटी लागली ती वळवाच्या वाऱ्यात. मे महिन्यातली संध्याकाळ. बालाघाटाच्या बाजूनं आभाळ काळं होऊन आलं, धूळ उठली, पत्रे वाजले, चार थेंब पडले. लाईट गेली नाही, ही पहिली नवलाची गोष्ट. मग कालवा सुरू झाला. एका घरी बल्ब इतके प्रखर झाले, की माणसं डोळ्यांवर हात धरून बाहेर आली. समोरच्या घरी फॅन मरगळला आणि एका जुन्या पिवळ्या बल्बची नुसती तांबडी तार दिसायला लागली. थोड्या वेळानं उलटं. इकडं मंद, तिकडं प्रखर. तिसऱ्या घरातून टीव्हीचा फटकन आवाज झाला आणि पाठोपाठ जळका वास. गल्ली रस्त्यावर उतरली.

आप्पा गर्दीतून वाट काढत आले. कुणी टॉर्च धरला. त्यांनी पहिल्या घरातल्या प्लगच्या उजव्या भोकात टेस्टर घातला. पेटला. डाव्या भोकात घातला. तिथंही पेटला. आप्पांनी टेस्टर पुसला आणि पुन्हा घातला. दोन्हीकडं उजेड. गल्ली श्वास रोखून उभी. आप्पा सावकाश उठले, शर्ट झटकला आणि म्हणाले, "डबल फेज आलाय."

या शब्दांचा असा काही परिणाम झाला, की एक-दोघांना आनंदच झाला. सिंगल फेजवाल्या घरात फुकट डबल फेज येतो म्हणजे काही थोडंथोडकं नाही. एकानं विचारलं, "मग आता पिठाची गिरणी चालंल का यावर?" दुसऱ्यानं विचारलं, "बिल डबल येतंय का?" आप्पा उत्तर जुळवीत होते, तेवढ्यात पोरगा सायकल टाकून धावत आला आणि ओरडला, "मेन पाडा! समद्यांनी मेन पाडा आधी! नुट्रल गेलीय!"

सर्वांनी मेन पाडले. गल्ली अंधारात बुडाली आणि मग त्या अंधारात पोरानं समजावून सांगितलं. खांबावरून तीन फेज आणि एक न्यूट्रल येते. घरं तीन फेजवर वाटलेली. प्रत्येक घरातून करंट परत जातो तो न्यूट्रलच्या वाटेनं. ती वाट खांबावर तुटली की करंट एका घरातून निघून दुसऱ्या घरात शिरतो आणि दुसऱ्याच फेजवरून परत जातो; म्हणजे २३० व्होल्टच्या जागी दोन घरांत मिळून ४०० च्या आसपास व्होल्ट येतात आणि त्याची वाटणी सारखी होत नाही. ज्या घरात कूलर, इस्त्री असा जड भार चालू, त्याच्या वाट्याला कमी. ज्या घरात दोनच बल्ब, त्याच्या वाट्याला जास्त. कुणी कूलर बंद केला की वाटणी पुन्हा बदलते. आणि न्यूट्रल अशी लोंबकळत राहिली, की तिच्यातही दाब चढतो. म्हणून टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो.

"म्यां काय मनलो?" आप्पा अंधारातून म्हणाले. "दोन्ही भोकांत हाय मनलो का न्हाई?"

म्हणाले होते, हे खरं. त्या अख्ख्या गल्लीत ती तपासणी करणारे ते पहिले होते. पोरानंही तेवढं मान्य केलं, कारण आप्पांनी दोन्ही भोकं तपासल्याचं ऐकूनच तो सायकलवर बसला होता. लाईनमन आला, बाहेरून सप्लाय बंद करून शिडीवर चढला, वाऱ्यानं सुटलेला न्यूट्रलचा जंपर बांधला आणि उतरला. आप्पा शिडी धरून उभे होते. शिडीला त्यांची गरज नव्हती, पण लाईनमननं काही म्हटलं नाही.

त्या रात्रीपासून आप्पांनी परळी सोडली आणि न्यूट्रल धरली. आता जगात जे काही बिघडतं ते न्यूट्रलमुळं. भावकीत वाटणीवरून भांडण झालं, "मधला माणूस ढिला पडला. नुट्रल गेली की एका घरात लई उजेड आन् दुसऱ्यात अंधार." सून नांदत नाही, न्यूट्रल. दोन पुढाऱ्यांचं पटत नाही, न्यूट्रल. एका पंचायतीला ते मध्यस्थ म्हणून गेले आणि तिथं त्यांनी दोन्ही बाजूंना प्लगची दोन भोकं समजावून सांगितली. प्रकरण मिटलं, असं म्हणतात. का मिटलं ते कुणाला नीट सांगता येत नाही.

मध्यंतरी नातवानं आणखी एक घोटाळा केला. त्यानं मोबाइलचा कॅमेरा एका स्वस्त बल्बकडं धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना आप्पांना दाखवले. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं होते, म्हणून दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो आणि मंदावतो. पिवळ्या बल्बची तार तापलेली राहायची, त्यामुळं हा चढउतार कळायचा नाही. हलक्या एलईडीत तो चांगलाच असतो. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. आप्पांना हा शोध झेपला नाही. आपण आजवर ज्या लाईटी दुरुस्त झाल्या म्हणून चहा प्यालो, त्या सगळ्या अजून मिचकतच आहेत, हे कळल्यावर माणसानं काय करावं? ते दोन दिवस मोबाइल धरून गल्लीभर हिंडले. "तुमची बी मिचकती. तुमची बी. दवाखान्याची बी मिचकती." तिसऱ्या दिवशी नातवानं मोबाइल परत मागून घेतला म्हणून गाव वाचलं.

उन्हाळ्यात त्यांचं आणखी एक काम असतं. प्रत्येक घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी. मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होते, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. लाईट मिचकण्याशी त्याचा संबंध नाही, पण झटका बसला तर जीव वाचण्याशी आहे. मात्र आमचा तालुका डोंगराळ आणि कोरडा. एप्रिल-मेमध्ये बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभ्या, आणि आप्पा जमिनीत पाणी ओतताहेत. यावरून त्यांना जे काही ऐकून घ्यावं लागतं ते इथं छापता येणार नाही. ते ऐकतात, आणि दुसऱ्या दिवशी तांब्या स्वतःच्या घरून भरून आणतात.

१९६० साली स्थापन झालेल्या वीज मंडळाच्या २००५ मध्ये चार कंपन्या झाल्या, मीटर बदलले, बल्ब बदलले, रामायण संपलं. आप्पांच्या खिशाचा टेस्टर तोच राहिला. परवा मुलानं त्यांना नांदेडहून नवा आणून दिला, तारेला न लावता नुसता जवळ नेला तरी वाजणारा. आप्पांनी तो खिशाला लावला आणि तो बंद बोर्डासमोर वाजला, मिक्सरसमोर वाजला, टीव्हीच्या भिंतीसमोरही वाजला. तो आता कपाटात आहे.

तेव्हा मुखेडच्या आणि मुखेडबाहेरच्या वाचकांना सांगणं एवढंच. काही दिवे प्रखर आणि काही मंद दिसले, तर तपासत बसू नका. आधी मेन पाडा, शेजाऱ्यांनाही पाडायला सांगा, आणि वीज कंपनीच्या १९१२ या नंबरला फोन लावा. बोर्ड उघडायचा असेल तर परवानाधारक वायरमन बोलवा. आणि गॅसवर एक कप चहा जास्तीचा ठेवा. आप्पांना निरोप धाडायची गरज नाही. ते निघालेले असतील.